दाभोळचे वीजघर आणि आपली कादंबरी

दाभोळचे वीजघर दाभोळला नाही, इथूनच सुरुवात करावी लागते. दाभोळ हे जुने बंदर वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. वीजघर उभे आहे ते दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या शिवारात. मधून खाडी वाहते आणि धोपाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट माणसे, मोटारी पलीकडे दाभोळला नेते. परंतु ज्या कंपनीने हे वीजघर काढले तिने नाव घेतले पलीकडच्या तीराचे. ती बुडाल्यावर २००५ साली नवी कंपनी स्थापन झाली, तिने नाव घेतले जिल्ह्याच्या ठिकाणाचे, रत्नागिरीचे. वीजघराला जोडून बांधलेले द्रवरूप वायूचे टर्मिनल पुढे वेगळे झाले, त्याला नाव लाभले सबंध कोकणाचे. आणि लोक अजूनही सगळ्याला मिळून 'एन्रॉन'च म्हणतात, म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या ह्यूस्टनच्या कंपनीचे नाव. इतकी नावे झाली, पण वेलदूरच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही.

गोष्ट सांगायची तर पात्राचे नाव आणि गाव आधी नीट सांगावे, असे आम्ही मास्तर लोक मुलांना शिकवतो. या वीजघराच्या बाबतीत मराठीत जे लेखन झाले त्यात पहिली चूक इथेच आहे, आणि पुढच्या पुष्कळ चुका तिच्यातून निघाल्या आहेत असे मला वाटते. दिवाळीचा फराळ करताना वाचायचा हा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण घरोघरी जे आकाशकंदील लागले आहेत ते विजेवर चालतात, तेव्हा वीज कुठून आली एवढे विचारायला ही वेळ वाईट नाही.

प्रश्न साहित्याचा आहे. धरणाने मराठीला एक मोठी कादंबरी दिली. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ साली आली, दुसऱ्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि धरणग्रस्त हा शब्द शहरातल्या वाचकाच्या घरात शिरला. वायूवर चालणाऱ्या वीजघराला अशी कादंबरी अजून लाभलेली नाही. वास्तविक नाट्य तर इथे ओसंडून वाहत होते. १९९२ साली सामंजस्याचा करार. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. १९९५ साली सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये तो करार रद्द. १९९६ मध्ये पुन्हा मंजूर. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू. मे २००१ मध्ये यंत्रे बंद. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉनचे दिवाळे. (दिवाळी अंकात हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण दुसरा नाही.) एवढा चढउतार एखाद्या संगीत नाटकात घातला असता तर प्रेक्षक म्हणाले असते, लेखकाने जरा अतीच केले.

मग कादंबरी का झाली नाही?

मला पहिले कारण दिसते ते असे. धरणाचे नुकसान डोळ्यांना दिसते. पाणी चढत जाते, देऊळ बुडते, पार बुडतो, आंब्याचा शेंडा तेवढा वर राहतो. पाण्याची रेघ ही कादंबरीकाराला आयती मिळालेली सीमारेषा असते. रेघेच्या आत दुःख, रेघेबाहेर जग. वायूच्या वीजघराचे तसे नाही. वायूला रंग नाही, स्वतःचा वास नाही. घरगुती गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. कोळशाच्या केंद्रासारखा राखेचा डोंगर इथे साठत नाही. पत्र्यावर काजळी धरत नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाही ते बोटाने दाखवता येत नाही, मग लेखकाने दाखवायचे कसे?

इथे 'स्वच्छ' या विशेषणाची जरा झाडाझडती घेतली पाहिजे. वायूची वीज स्वच्छ, असे कंपन्यांच्या पत्रकांत छापलेले असते. ते खोटे नाही, आणि म्हणूनच ते तपासणे अवघड. मी शास्त्राचा पदवीधर नव्हे, पण आईच्या चुलीवरून हे समजून घेता येते. जुन्या चुलीला शेजारी वैल असायचा. चुलीत जाळ, त्यावर भाकरी. आणि जाता जाता उरलेल्या आचेवर वैलावर आमटी किंवा दूध. नव्या वायूकेंद्रात हेच केलेले असते. वायू जाळून पहिले चक्र फिरवायचे, त्यातून बाहेर पडणाऱ्या कढत हवेवर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर दुसरे चक्र फिरवायचे. त्यामुळे इंधनातल्या उष्णतेपैकी निम्मी किंवा अधिकही वीज होऊन हाती येते. कोळशाच्या जुन्या केंद्रात एक-तृतीयांशाच्या आसपास येते. कर्बवायू दर युनिटामागे चारशे ग्रॅमच्या घरात. कोळशाचा नऊशे ते हजार. राख नाही, गंधक जवळजवळ नाही. चंद्रपूर किंवा कोराडीचा वाचक वर्षानुवर्षे राख झटकीत आला आहे; त्याला कोकणातल्या गाऱ्हाण्याचे हसू आले तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु विशेषण हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते, हे व्याकरण शिकवणाऱ्याला तरी विसरता येत नाही. कोळशापेक्षा स्वच्छ म्हणजे स्वच्छ नव्हे. फार वरच्या तापमानाला ज्वलन झाले की हवेतलाच नत्रवायू प्राणवायूशी संयोग पावतो, आणि ती संयुगे उन्हात जमिनीलगत ओझोन तयार करतात. तो माणसाच्या छातीलाही वाईट आणि झाडाच्या पानालाही. न जळता निसटलेला वायू म्हणजे मिथेन. वीस वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजे विहिरीपासून नळापर्यंत थोडी थोडी गळती होत राहिली, की चुलीपाशी कमावलेले पुण्य वाटेतच सांडते. द्रवरूप वायू उणे १६२ अंशांपर्यंत गोठवून, मूळ आकारमानाच्या सहाशेव्या हिश्शात दाबून जहाजातून आणतात. त्या गोठवण्याला लागणारे इंधन आपल्या खाडीकाठच्या हिशेबात येत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या किनाऱ्यावर जळलेले असते. आणि जी उष्णता वीज होत नाही ती कुठे तरी सोडावी लागतेच. पाण्यात सोडली तर पाणी तापते. समुद्राचे पाणी आत ओढले तर त्याबरोबर माशांची अंडी आणि डोळ्यांना न दिसणारी पिल्ले ओढली जातात. नळांत शिंपले-कालवे धरू नयेत म्हणून क्लोरीन घालतात. उलट, द्रवरूप वायू पुन्हा मोकळा करायला समुद्राची ऊब वापरली तर पाणी गार होऊन परत जाते. खाडीच्या मुखाशी, जिथे गोडे पाणी आणि खारे पाणी भेटते आणि जिथे बोय, काळुंदर, कोळंबी लहानाची मोठी होते, तिथे एकदोन अंशांचा फरकही कागदावर दिसतो त्याहून मोठा असतो.

आणि दाभोळच्या बाबतीत तर 'वायू' या शब्दाचाच घोटाळा झाला. वायूचे वीजघर म्हणून ज्याची जाहिरात झाली, ज्याच्या बाजूने आणि विरुद्ध सभा झाल्या, त्याचा पहिला टप्पा एन्रॉनच्या हयातीत चालला तो नाफ्त्यावर. नाफ्ता म्हणजे खनिज तेलापासून काढलेले पातळ इंधन. मे १९९९ ते मे २००१ ही दोन वर्षे तेच जळले. २००६ साली नव्या कंपनीच्या हाती यंत्रे पुन्हा फिरली तीही प्रथम नाफ्त्यावरच. खरा वायू नळाने आला तो २००७ मध्ये. म्हणजे 'स्वच्छ वायू' या शब्दावर आपण पंधरा वर्षे भांडलो ते त्याची एक फुंकरही त्या यंत्राला लागण्यापूर्वी! एखाद्या व्यंगकथेला एवढे बीज पुरे होते. ती व्यंगकथा कोणी लिहिली नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या कोकणी कादंबरीला प्रतिपक्षी लागतो तो चेहऱ्याचा. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' १९५२ सालची. तिचा प्रदेश याच खाडीच्या उत्तरेचा, दापोलीकडचा. तिथली माणसे एकमेकांवर डूख धरतात, एकमेकांना बाटवतात, वाचवतात. निसर्ग त्यांच्यामागे उभा असतो, पण घाव घालतो तो माणूस. ही परंपरा मोठी आहे आणि तिचे ऋण आपल्यावर आहे. पण तिने आपल्याला एक सवय लावली. नुकसान झाले की आपण आधी खलनायक शोधतो. एन्रॉनच्या रूपाने असा खलनायक मिळाला, तोही परदेशी, श्रीमंत आणि उद्दाम. मग काय विचारता! लेख, भाषणे, पथनाट्ये, अग्रलेख सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्यात पुष्कळ खरे होते. जागतिक बँकेने १९९३ सालीच या योजनेत पैसा घालायला नकार दिला होता. पुण्याच्या 'प्रयास' या अभ्यासगटाने कराराची कलमे उलगडून दाखवली. माधव गोडबोले समितीने २००१ साली सरकारी निर्णयांचे वाभाडे काढले. हे काम मोलाचे होते, यात शंका नाही. पण हे सर्व लेखन पैशाचे होते. युनिटाचा दर, डॉलरचा भाव, हमीपत्रे. खाडी त्यात पाहुण्या कलाकारासारखी येई, दोन वाक्ये बोलून आत जाई.

आणि २००१ साली खलनायक मेला. गोष्ट संपली म्हणून आपण पुस्तक मिटले. वीजघर मात्र तिथेच उभे राहिले.

त्या वेळच्या भाषेचा एक नमुना मला कधी विसरता येत नाही. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजली. टाळ्या खूप पडल्या. शब्द म्हणून पाहा: जे नको ते समुद्रात टाकायचे. समुद्र म्हणजे गावाबाहेरचा उकिरडा. ज्या समुद्रात ते बुडवायचे होते त्यावर कोणाची चूल पेटते, हे टाळी वाजवणाऱ्याच्या मनात आले नसावे. कंपनीला समुद्र म्हणजे थंड पाण्याचा फुकट साठा वाटला, विरोधकांना तो बुडवण्याची जागा वाटला. दोघांच्याही व्याकरणात समुद्र हे अधिकरणच राहिले, कर्ता कधी झाले नाही.

गावकऱ्यांचे तसे नव्हते. मासळी, आंबा आणि पिण्याचे पाणी ही गाऱ्हाणी त्यांच्या तोंडी पहिल्यापासून होती. त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला. ३ जून १९९७ च्या पहाटे, बहुतेक पुरुष मासेमारीला गेलेले असताना, पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. बायकांना घराबाहेर ओढून काढले, लाठ्या मारल्या. या घटनेची नोंद जगभर पोचली ती अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने आणि पुढे जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने काढलेल्या इंग्रजी अहवालांतून. मी त्या अहवालांना कमी लेखत नाही. साक्षी नोंदवण्याची त्यांची शिस्त आपल्या कथालेखकांनी शिकावी अशी आहे. पण साक्ष आणि कथा यांत अंतर असते. साक्षीत बाई काय सोसले ते सांगते. ती आदल्या संध्याकाळी कोणत्या माशाचा भाव करीत होती, कोणत्या जावेशी तिचे बोलणे बंद होते, हे साक्षीत मावत नाही. ते सांगायला कथा लागते. तेवढे सांगितल्यावाचून ती बाई वाचकाला शेजारीण वाटत नाही, नुसती पीडित वाटते. वेलदूरच्या बायकांची नावे इंग्रजी कागदांत गेली, मराठी वाचकाच्या शेजारी मात्र त्या येऊन बसल्या नाहीत.

तिसरे कारण आमच्याच धंद्यातले. 'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध लिहिल्यावाचून महाराष्ट्रात कोणी शाळेबाहेर पडत नाही. त्याचा साचा ठरलेला. एक परिच्छेद वरदानाचा, एक शापाचा, आणि शेवटी सगळे माणसाच्या हाती आहे असे म्हणून सुटका. दर वर्षी साठ-सत्तर वह्यांतून मी तो तपासतो आणि दहापैकी सहा गुण देतो, कारण त्यात चूक काही नसते. पण एकदा एका मुलीने शापही लिहिला नाही आणि वरदानही लिहिले नाही. तिने फक्त त्यांच्या घरात कोणता दिवा केव्हा आला आणि तो आल्यावर आजीने संध्याकाळी काय करायचे सोडले, हे लिहिले. निबंध साच्यात बसत नव्हता. गुण मी नऊ दिले. आपले पर्यावरणावरचे बहुतेक ललित लेखन त्या साठ-सत्तर वह्यांसारखे आहे. तराजू हातात घट्ट, माल मात्र बाजारातच राहिलेला.

खाडीचा तर प्रश्नच एका तराजूत मावणारा नाही. वाशिष्ठी ही काही कोरी नदी नव्हे. सह्याद्रीच्या पोटातून कोयनेचे पाणी वीज देऊन खाली उतरते ते चिपळुणापाशी याच नदीला मिळते. कोयनेची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. खाडीच्या मुखावरच्या या वीजघराची आज १,९६७ धरतात. दोन जवळजवळ सारखी वीजघरे एकाच नदीच्या दोन टोकांना! मध्ये लोटे-परशुरामची रासायनिक कारखान्यांची वसाहत. तिच्या सांडपाण्याने मासे मरतात ही खाडीकाठच्या मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार. अशा ठिकाणी जाळे रिकामे आले तर दोष कोणाचा? कोयनेच्या गोड्या पाण्याचा, लोट्याच्या रसायनांचा, मुखावरच्या यंत्रांचा, की खोल समुद्रात यांत्रिक बोटींनी चालवलेल्या लुटीचा? न्यायालयाला इथे पुरावा लागेल आणि तो एकेकट्यावर शाबीत होणार नाही. कादंबरीला तशी अट नाही. ज्या दोषाला एक मालक नाही तो दोष दाखवणे, हे तर कादंबरीचे खास काम. त्यासाठी खलनायकाची हौस तेवढी सोडावी लागेल.

माल किती आहे पाहा. २००१ पासून २००६ पर्यंत ही प्रचंड यंत्रे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गप्प उभी होती. त्या बंद वीजघराच्या फाटकावर रात्रीचा पहारा करणारा एखादा माणूस, ज्याची जमीन त्याच फाटकाच्या आत गेली आहे, तो कोणाचे राखतो? टर्मिनल २०१३ साली सुरू झाले तेव्हा लाटा अडवणारा बांध पुरा नव्हता, म्हणून पावसाळ्यात वायूची जहाजे लागत नसत. कोळी आषाढात होडी वर ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. कोट्यवधी रुपयांचे टर्मिनलही मुकाट्याने तेच करीत होते. त्याच सुमारास कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातला वायू आटला आणि वीजघर पुन्हा थांबले. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी त्यातला काही भाग परत चालू झाला. म्हणजे इथे वीजघर आहे असेही धड म्हणता येत नाही, नाही असेही नाही. बागायतदार मोहोर गळाला की धुराड्याकडे बघतो. धुराडे त्या वर्षी थंडच असते. आता ओरडायचे कोणाच्या नावाने? हा प्रसंग लिहायला मोठी प्रतिभा लागत नाही, नुसते इमानदार कान लागतात.

मग मास्तर, तुम्हीच का लिहीत नाही, असे वाचक विचारील. विचारणे रास्त आहे. पण माझे गाव घाटावरचे. भरतीची वेळ मला पंचांगात पाहावी लागते. ज्याला ती झोपेत कुशीवर वळताना कळते, त्याची ही कादंबरी आहे, आणि तो माणूस आज गुहागरच्या किंवा दापोलीच्या एखाद्या शाळेत बाकावर बसलेला असेल.

त्याला एक कच्चा माल मी दाखवू शकतो. केंद्र सरकारने १९९४ साली पर्यावरण-परिणामांच्या तपासणीचा नियम केला आणि एप्रिल १९९७ मध्ये त्यात जनसुनावणी सक्तीची केली. दाभोळचे करार त्याआधीचे. पण २००६ च्या नियमानुसार अशा योजनेचा सारांश लोकांच्या भाषेत द्यावा लागतो, म्हणजे आपल्याकडे मराठीत. हे सारांश म्हणजे मराठी गद्याचा एक वेगळाच प्रकार झाला आहे, आणि त्याची समीक्षा कोणी करीत नाही. त्यात 'लक्षणीय' आणि 'नगण्य' या दोन शब्दांवर सारा संसार चाललेला असतो. कर्मणी प्रयोगाशिवाय वाक्य नसते: पाणी सोडले जाईल, काळजी घेतली जाईल, झाडे लावली जातील. कोण सोडील, कोण घेईल, कोण लावील, हे कळायला कर्ता शोधावा तर तो वाक्यात नसतो. इंग्रजीतून उतरवलेले हे मराठी वाचून ज्या कोळ्याला दोन प्रश्न विचारायचे असतात, त्याला प्रथम या भाषेतच बुडी मारावी लागते. तरीही तो उभा राहतो आणि बोलतो. मंडपात ध्वनिक्षेपक असतो, अधिकारी ऐकत असतात, कारकून लिहून घेत असतो. इतिवृत्तात मात्र एवढेच उतरते, की एका ग्रामस्थाने मासेमारीबाबत शंका उपस्थित केली व तिचे निरसन करण्यात आले. ती शंका कोणत्या माशाबद्दल होती, कोणत्या महिन्यातली होती, आणि निरसन झाल्यावर तो माणूस खाली बसला की मंडपाबाहेर निघून गेला, हे त्या कागदावर नाही.